अटकेचा रकाना

काकांना पत्र सांगायचं असलं की मी वही घेऊन त्यांच्या मागून चालायचं, असा आमच्या ऑफिसचा नियम होता. ऑफिस कसलं, नागरवाड्यातल्या त्यांच्या घराची पुढची खोली. दारापासून खिडकीपर्यंत नऊ पावलं आणि परत नऊ. दाराशी "सविनय सादर" म्हणायचे आणि खिडकीशी पोचेपर्यंत दोन वाक्यं होऊन गेलेली असायची. वळताना शब्द भिंतीकडे जायचे, ते मला ऐकू यायचे नाहीत. काय म्हणालात असं विचारलं की चिडायचे. कान घरी ठेवून आलीस का सूनबाई, म्हणायचे. मी मनात म्हणायचे, अहो, तुम्ही एकदा बूड टेकवा, मग बघा माझे कान. मोठ्यानं कधी म्हटलं नाही. नोकरी हवी होती.

सूनबाई मी त्यांची नव्हे, त्यांच्या मित्राची. माझे सासरे आणि काका एकाच कारखान्यात. सासरे स्टोअरमध्ये, काका तीस वर्षं गेटवर, सिक्युरिटी खात्यात. दोघं एकाच महिन्यात निवृत्त झाले. सासरे झोपाळ्यावर बसले ते बसलेच. काकांनी आठ दिवसांत सिक्युरिटी एजन्सी काढली. त्यांना टायपिंग येणारं माणूस हवं होतं आणि सासऱ्यांना मी दुपारभर वर्तमानपत्र वाचत लोळलेली बघवत नव्हती. झालं, माझी नोकरी ठरली. मला कुणी विचारलंच नाही.

मी मिरजेची. लग्न होऊन बडोद्याला आले ती वाडीत, एका बोळातल्या तीन खोल्यांत. इथलं मराठी पहिले सहा महिने मला मराठीच वाटेना. भाजीला शाक म्हणायचं, पतंग उडवायचा नाही, चगवायचा. बाहेर पडलं की सगळं गुजराती. दुकानांच्या पाट्या वाचत वाचत मी ती लिपी शिकले आणि दोन महिन्यांत मला वाटायला लागलं की आपल्याला गुजराती येतं. पुढचं सगळं रामायण त्या वाटण्यातून झालं.

दिवसच तसे होते. इकडे कापडाच्या गिरण्या एकामागून एक बंद पडत होत्या आणि तिकडे शहराच्या कडेला, वासण्याला, रोज एक नवी सोसायटी उठत होती. बंगले झाले, बंगल्यांत टीव्ही-फ्रीज आले, मग त्यांना राखण हवी झाली. पन्नाशीला टेकलेले गिरणीकामगार, ज्यांनी जन्मात कुणाला हटकलं नव्हतं, ते गळ्यात शिट्टी अडकवून फाटकाशी उभे राहायला लागले. काकांकडे असे बत्तीस होते. त्यांना ते सकाळी कमाटीबागेच्या एका कोपऱ्यात परेड करायला लावायचे. गुडघे दुखणारी माणसं बिचारी, एक-दो करत फिरायची आणि काका त्यांच्या पुढे, बाजूला, मागे, सगळीकडे. पायाला भिंगरी म्हणतात ती मी तिथे पाहिली. काकू म्हणायच्या, लग्नाला चौतीस वर्षं झाली, मी यांचं तोंड कमी आणि पाठ जास्त पाहिली. चहाचा कप हातात घेऊन त्या काकांच्या मागे खोलीभर फिरायच्या. वळणावर काका एक घोट घ्यायचे आणि कप परत द्यायचे.

या सगळ्या धावपळीत त्यांचा जीव अडकला होता पोलिसांत. काकांचे आजोबा म्हणे राजवाड्याच्या दारावर पहारेकरी होते. तिथले शब्द घरात राहिले होते. पोलीस म्हणजे थोरली पाती, काका सांगायचे, आणि आपण खाजगी राखणदार म्हणजे धाकटी. थोरल्यांनी सांगावं, धाकट्यांनी करावं. रस्त्यात साधा ट्रॅफिकचा हवालदार दिसला तरी काका स्कूटर थांबवून खाडकन सलाम ठोकायचे. समोरचा बावचळायचा. परत सलाम कुणी केला नाही. मी मागे बसलेली असले की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आधी काकांनी माणसांना खाकी कपडे शिवले होते. चौकीच्या फौजदारांनी बोलावून सांगितलं, खाकी आमची, उतरवा. दुसरा कुणी असता तर वाद घातला असता. काका म्हणाले, बरोबर आहे त्यांचं. बत्तीस जोड गाठोड्यात बांधून वाडीतल्या रंगाऱ्याकडे दिले, गडद निळे कर म्हणून. खाकीवर निळा चढला आणि कपडे झाले वांग्याच्या रंगाचे. परत शिवायला पैसे नव्हते. तेव्हापासून चौकीत आमच्या माणसांना रींगणां म्हणायला लागले. रींगणां म्हणजे वांगी. काकांच्या कानावर ते गेलं होतं, पण ऐकू आलं नाही असं दाखवायचे.

दर सोमवारी चौकीला रिपोर्ट जायचा. चौकीनं तो मागितला नव्हता, पण काकांचं म्हणणं, थोरल्यांनी मागायची वाट बघायची नसते, आपण होऊन सगळं खरं खरं सांगावं. वासण्याला एक ब्लँकेटवाला तीनदा येऊन गेला. अमुक बंगल्याचं मागचं दार दुपारी उघडं असतं. असं पानभर, माझ्या अक्षरात, माझ्या त्या थोर गुजरातीत. एकदा आमच्या ह्यांनी रविवारी फाफडा आणला तर तो बांधून आलेल्या कागदावर माझंच अक्षर. तेलाचा डाग पडलेला आमचा मागच्या महिन्याचा रिपोर्ट. मी तणतणत तो काकांना नेऊन दाखवला. त्यांनी उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, म्हणजे वाचून झालं त्यांचं. आता या माणसाला काय बोलणार?

विसर्जनाच्या मिरवणुकीला पोलिसांना माणसं कमी पडायची. मग मात्र थोरल्या पातीला आमची आठवण व्हायची. एका वर्षी वीस माणसं मागितली. आमचे वीस जण दुपारी बारापासून दोर धरून उन्हात उभे, कुणी पाणी विचारलं नाही. काकांची मागणी एकच, माणसं मिळाल्याची पोच द्या. चौकीत रायटर म्हणून लिखापढीचं काम करणारे एक जमादार होते. त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं, रींगणां नंग वीस मळ्यां. वीस नग वांगी मिळाली. सगळी चौकी खिदळली. काकांनी चिठ्ठी वाचली, घडी केली, खिशात ठेवली आणि ऑफिसात आल्यावर मला म्हणाले, फाइलला लाव. मी नाही लावली. मी ती फाडून टाकली आणि त्यांना सांगितलंही. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

त्यांना हवं काय होतं, ते मला हळूहळू कळलं. चौकीत दर महिन्याला नागरिक समिती भरायची. डॉक्टर, कॉलेजचे प्राध्यापक, सोसायट्यांचे सेक्रेटरी असे लोक. फौजदारांच्या शेजारी खुर्च्या, छातीला बिल्ला, चहा आणि बटाटापौंआ. काकांनी तीनदा अर्ज केला होता. तिन्ही मीच टाइप केले. एकाचंही उत्तर आलं नाही. चालायचं, म्हणायचे, थोरल्यांचा व्याप मोठा.

आणि मग ते फॉर्म आले. सगळ्या खाजगी वॉचमनांची माहिती चौकीला द्यायची, असा हुकूम निघाला. छापील गुजराती फॉर्म, प्रत्येकाचा एक. नाव, वडिलांचं नाव, मग "अटक", मग गाव, वय, आधीचं काम. काका म्हणाले, सूनबाई, तुझं अक्षर चांगलं, तू भर. मी ऐटीत बसले. एकेकाला बोलवायचे, काकूंकडून चहा मागवायचे, नावाच्या रकान्यात सगळं नाव आडनावासकट लिहायचे आणि मग अटकेच्या रकान्याशी येऊन आवाज खाली करून विचारायचे, पोलिसांनी कधी पकडलं होतं का? आता पोलिसांच्या फॉर्मवर अटक म्हणजे दुसरं काय असणार? मिरजेत तरी अटक म्हणजे अटक. काही जण हसले, दोघं-तिघं रागावले, एकानं तर देवाची शपथ घेतली. एकतीस जण नाही म्हणाले. मी एकतीस वेळा "नथी" लिहिलं.

मोहनभाईचा नंबर शेवटी शेवटी आला. हा गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवणारा माणूस, पादरा तालुक्यातल्या एका गावचा, चाळिशी उलटलेला. वासण्याच्या एका सोसायटीच्या फाटकावर दिवसपाळीला असायचा. कमी बोलायचा. प्रश्न ऐकल्यावर त्यानं कप बशीत नीट ठेवला. मग म्हणाला, "एक वार, बेन."

एकदा. कर्फ्यूच्या दिवसांत पोराला ताप होता म्हणून औषध आणायला बोळाच्या तोंडाशी गेला, तेवढ्यात गाडी आली आणि दिसेल त्याला भरून घेऊन गेली. तीन दिवस कोठडीत. मग सोडून दिलं. केस नाही, कागद नाही, काही नाही. बायकोशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. गिरणीत सांगितलं नव्हतं, मेहुण्याला सांगितलं नव्हतं. मला का सांगितलं, तर तुम्ही नीट विचारलंत म्हणून. मला भरून आलं. मी काकांना जाऊन सांगितलं की मोहनभाई असं असं म्हणतोय, काय करू. काका खिडकीकडे चालले होते. म्हणाले, "खरं बोलला ना? मग लिही. थोरल्यांपासून काय लपवायचं?" मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, एक वार. काकांनी बत्तीस फॉर्मांवर, भिंतीला टेकवून, उभ्या उभ्या सह्या करून टाकल्या. जन्म बडोद्यातला, एक फॉर्म जरी वाचला असता तरी त्यांच्या लक्षात आलं असतं. पण वाचायला थांबावं लागतं.

चौकीत जमादारांनी पहिला फॉर्म उचलला, दुसरा उचलला आणि मोठ्यानं वाचायला लागले. नाम रमेश, अटक नथी. नाम गोविंद, अटक नथी. आखी एजन्सी अटक वगरनी! हवालदार पोट धरून हसत होते. काका गोरेमोरे झाले आणि मला हळूच म्हणाले, अगं, अटक म्हणजे आडनाव. गुजरातीत आडनावाला अटक म्हणतात. अख्खी एजन्सी बिनआडनावाची झाली. बाई गं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. बत्तीस माणसांना मी पोलिसांनी पकडलं होतं का म्हणून विचारलं होतं आणि फॉर्मला फक्त आडनाव हवं होतं.

हसता हसता जमादार मोहनभाईच्या फॉर्मपाशी आले. अटक, एक वार. त्यांचं हसू गेलं. जुना माणूस, दोन्ही भाषा कोळून प्यालेला. त्यांना मी काय विचारलं असेल ते लगेच कळलं. ते कागद घेऊन आत फौजदारांकडे गेले. फौजदारांनी मला बोलावून अगदी गोड आवाजात विचारलं, बेन, हे काय आहे? तिथे मी गप्प बसायचं होतं. किंवा म्हणायचं होतं, साहेब, चुकून लिहिलं. पण मी इतकी शरमले होते की माझी चूक समजावून सांगण्याच्या भरात सगळं सांगून बसले. कर्फ्यू, औषध, तीन दिवस, सगळं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फरक इतकाच की हात माझा आणि अवलक्षण मोहनभाईचं.

फौजदार म्हणाले, बत्तीसही फॉर्म नव्यानं भरून आणा, बरोबर आडनावं घाला. जुने घेऊन जा. मोहनभाईचा जुना मात्र त्यांनी टेबलाच्या काचेखाली सरकवला. हा राहू दे, म्हणाले. काकांनी सलाम ठोकला आणि आम्ही बाहेर आलो. पायरीवरच मी त्यांची बाही धरली. म्हटलं, काका, तो कागद मागून घ्या. फॉर्ममध्ये तसा प्रश्नच नाही, मग त्यांनी तो कशाला ठेवायचा? काका म्हणाले, थोरल्यांच्या हातातला कागद ओढायचा नसतो. आणि भराभर चालायला लागले. मला त्यांचा इतका राग आला की मी त्या दिवशी स्कूटरवर बसले नाही, रिक्षानं घरी गेले.

त्यानंतर मला स्वस्थता म्हणून नव्हती. वासण्याच्या बाजूला गेले की फाटकाशी मोहनभाई आहे ना, हे आधी बघायचे. तो नेहमीसारखा वांगी रंगाच्या कपड्यांत उभा असायचा, मला बघून हसायचा. मी त्याला काचेखालच्या कागदाबद्दल सांगितलं नाही. कसं सांगणार? धीरच झाला नाही.

चार-एक महिने गेले. त्या सोसायटीतल्या एका बंगल्यात लग्न होतं, आणि एका मंगळवारी सकाळी कपाटातल्या सोन्याच्या पाटल्या सापडेनात. चौकीत वर्दी गेली. पोलीस आले ते बंगल्यात गेलेच नाहीत. फाटकाशी जीप थांबली, मोहनभाईला मागे बसवलं आणि गेले. ना नोकरांना विचारलं, ना मांडववाल्यांना. दुसऱ्या वॉचमननं एसटीडी बूथवरून आम्हाला फोन केला. काकांनी पायात चप्पल अडकवली, मी फाइल घेतली आणि मागे बसले. 

चौकीच्या मागच्या खोलीचं दार बंद होतं. आतून आवाज येत होता, तो कसला होता ते मला कळलं. काकांनी फौजदारांच्या दारात उभं राहून सलाम केला. आणि काय सांगू, फौजदार खुर्चीतून उठले आणि त्यांनी परत सलाम केला. आवो साहेब, बेसो. काकांसाठी खुर्ची ओढली, चहा मागवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. काकांचा चेहरा मी बाजूनं पाहत होते, एक क्षणभर तो उजळला. खोटं कशाला बोलू, उजळला.

फौजदारांचं काम साधं होतं. एक टाइप केलेला जबाब तयार होता. त्यावर काकांनी सही करायची. मोहनभाईची वागणूक मला पहिल्यापासून संशयास्पद वाटत होती, मी त्याला कामावरून काढायच्या बेतात होतो, असं त्यात लिहिलेलं. बंगल्याचा मालक वजनदार, वरून फोन येताहेत, कुणीतरी दाखवायला हवं. सही झाली की एजन्सीचं नाव वेगळं राहील, एकटा माणूस जाईल. आणि हो, काका, तुमचा समितीचा अर्ज पाहिला मी, पुढच्या बैठकीला या. टेबलाच्या काचेखाली माझं अक्षर तसंच होतं.

काकांनी जबाब हातात घेतला. एकेका ओळीवर बोट ठेवून वाचला. वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग टेबलावर ठेवून म्हणाले, यात एक अक्षर खरं नाही. फौजदार हसले, म्हणाले खऱ्याखोट्याचं कोर्ट बघेल. काका म्हणाले, मला एक कोरा फॉर्म द्या, वॉचमनांचा. कशाला ते फौजदारांना कळेना, पण दिला. काकांनी माझ्याकडचं पेन घेतलं. मी त्यांच्या ऑफिसात इतकी वर्षं काढली, पण त्यांना स्वतः लिहिताना मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. नाव लिहिलं, वडिलांचं लिहिलं आणि अटकेच्या रकान्यात मोठ्या अक्षरात लिहिलं, एक वार. कागद फौजदारांच्या पुढे सरकवला.

"क्यारे?" फौजदारांनी विचारलं. कधी झाली?

"आजे," काका म्हणाले. "आत्ता. लिहून घ्या. फाटकावर त्याला मी उभा केला. संशय फाटकावर असेल तर आधी मला आत घ्या, मग त्याला हात लावा."

फौजदार आधी हसले. मग काका हलत नाहीत हे पाहून चिडले. पुष्कळ बोलले. म्हातारपणी भरीला पडू नका, एजन्सी एका कागदावर बंद करीन, उद्यापासून तुमचा एक माणूस या हद्दीत उभा राहणार नाही. शेवटी फौजदार हवालदाराला म्हणाले, यांना आत जायची हौस आहे ना, बसवा बाहेर व्हरांड्यात. काकांना दिवसभर तिथे ठेवलं. बसले कुठले, व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिले. पहाऱ्यावरचा पोलीस वैतागून ओरडला तरी चालत राहिले. मात्र दर फेरीला मागच्या खोलीच्या दाराशी आले की मोठ्यानं हाक मारायचे, "मोहनभाई, हुं अहीं छुं." मी इथे आहे. आतला आवाज दुपारनंतर थांबला. साक्षीदार दाराशी येरझारा घालत असेल तर मारणाऱ्यालाही अवघड होत असणार.

संध्याकाळी काकांना जायला सांगितलं. मोहनभाईला ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काका परत तिथे हजर. दुपारी बंगल्यातून फोन आला. पाटल्या सापडल्या. घरातल्या थोरल्या आजोबांनी त्या सोनाराकडे उजळायला दिल्या होत्या आणि कुणाला सांगायचं विसरले होते. चोर सोडून संन्याशाला सुळी ही म्हण मी ऐकली होती, इथे तर चोरच नव्हता. मोहनभाई बाहेर आला. उजव्या हाताची बोटं सुजून जाड झाली होती. फौजदारांनी काचेखालचा कागद काढून काकांच्या हातात दिला आणि म्हणाले, चला, विषय संपला. काकांनी तो घेतला. सलाम केला नाही.

सोसायटीचा निरोप आला, तुमच्यावर विश्वास आहे, फक्त माणूस बदलून द्या. काकांनी तिथली चारही माणसं काढून घेतली. पुढच्या आठवड्यात तिथे दुसऱ्या एजन्सीचे लोक उभे होते. काम आमचं बरंच गेलं, पण त्याचं मला तेव्हा काहीच वाटलं नाही. मला एवढंच वाटत होतं की मोहनभाईनं परत यावं आणि मला दोन शब्द सुनवावेत. मी आयुष्यात कुणाची इतकी वाट पाहिली नसेल.

तो आला शनिवारी, अकराच्या सुमाराला. कपडे धुऊन इस्त्री करून, घडी घालून डाव्या हातात आणले होते. टेबलावर ठेवले, वर शिट्टी ठेवली. काका म्हणाले, दुसरी जागा आहे, शाळेचं फाटक आहे, चांगली माणसं आहेत. त्यानं मान हलवली. गावी चाललोय, म्हणाला, भावाबरोबर शेतमजुरी बघीन. काकांनी खूप समजावलं. तो नम्रपणे नाही म्हणत राहिला.

मी उठून उभी राहिले. म्हटलं, मोहनभाई, चूक माझी आहे. मला भाषा कळली नाही, आणि मग मी तिथे सगळं बोलले. मला रडू फुटलं. तो घाबरला बिचारा. नाही बेन, म्हणाला, तुमचा दोष नाही, तुम्ही चहा देऊन, बसवून, माणसासारखं विचारलंत, म्हणून मी सांगितलं. असं कुणी कधी विचारलं नव्हतं.

"हवे कोई पूछशे तो ना कहीश," म्हणाला. आता कुणी विचारलं तर नाही म्हणून सांगीन.

मी काकांकडे पाहिलं. मला वाटलं, आता हे बोलतील. खरं सोडू नकोस म्हणतील, घाबरू नकोस म्हणतील, दर सोमवारी पानभर सांगायचे तसं काहीतरी. काका त्याच्याजवळ गेले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. घाईत त्यांना गुजराती सुचलं नाही, मराठीतच म्हणाले, "हो. हेच सांग."

मोहनभाईला मराठी येत नव्हतं, पण त्याला ते कळलं. तो गेला. काका पुन्हा चालायला लागले आणि मी डोळे पुसून टाइपरायटरशी बसले. त्या शब्दांसाठी मी काकांना पुष्कळ दिवस माफ केलं नाही. आता इतक्या वर्षांनी वाटतं, त्या खोलीत त्याला दुसरं काही सांगायचा हक्क आमच्या दोघांपैकी कुणालाच उरला नव्हता.